शेक्सपिअरला हाकलायचं की यजमान बदलायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एम. ए. इंग्रजीला केनियाचा लेखक न्गुगी वा थिओंगो लावलाय, वर्गात सांगितलं गेलं की निर्वसाहतीकरण (परक्या राजवटीचा शिक्षणावरचा पगडा काढणं) म्हणजे अभ्यासक्रमातून शेक्सपिअर काढून टाकणं, ते तुम्हाला पटत नाही. आणि या भानगडीत नाटक कुठून आलं, तेही कळत नाही.

पटत नाही ते बरोबरच आहे. हा पेपर मी बरीच वर्षं शिकवला. उत्तरपत्रिकांत हेच वाक्य इतक्यांदा तपासलंय की आता हसूही येत नाही.

२४ ऑक्टोबर १९६८ चं मूळ टिपण आधी बघा. केनियातल्या नैरोबीच्या विद्यापीठात कला शाखेच्या पुढच्या वाटचालीवर इंग्रजीच्या प्रभारी विभागप्रमुखांनी एक निवेदन मांडलं होतं. त्यात इंग्रजी परंपरा मधोमध, आणि आफ्रिकी लेखनाला तिच्या कडेला जागा. त्याला उत्तर म्हणून हे टिपण लिहिलं तिथेच काम करणाऱ्या तिघांनी: हेन्री ओवुओर-अन्युम्बा, टाबान लो लियोंग आणि न्गुगी (तेव्हा तो जेम्स न्गुगी या नावाने लिहायचा). मथळा जहाल होता, इंग्रजी विभाग रद्द करा. मजकूर मात्र शांतपणे एकच विचारतो: एकाच संस्कृतीचा सलग अभ्यास करायचा असेल, तर ती संस्कृती आफ्रिकेची का नको? आधी आपलं मौखिक आणि लिखित साहित्य, मग तिथून बाहेर बघत जग. शेक्सपिअरला कुणी घराबाहेर काढलं नाही. फक्त तो यजमान राहिला नाही, पाहुणा झाला. पुढे तिथे नुसता 'साहित्य विभाग' झाला आणि मौखिक साहित्य अभ्यासाला आलं.

पण गोम अशी की हा सगळा वाद इंग्रजीत चालला. टिपण इंग्रजीत, वर्ग इंग्रजीत, न्गुगीच्या कादंबऱ्याही इंग्रजीत. ज्यांचं साहित्य मधोमध आणायचं, त्यांना यातलं काहीच वाचता येणार नव्हतं. नाटक येतं ते इथे.

लिमुरूजवळचं कामिरिथू हे न्गुगीचंच गाव. १९५० च्या दशकात ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या माऊ माऊ उठावाच्या वेळी ब्रिटिशांनी माणसं सक्तीने एकत्र वसवली, तसं वसलेलं. बरेचजण चहामळ्यात किंवा बुटांच्या कारखान्यात मजुरीला. गावातली एक बाई पुन्हा पुन्हा न्गुगीच्या दारात येऊन म्हणायची, तुम्ही एवढे शिकलात, गावासाठी काहीतरी करा. त्यातून १९७६ मध्ये प्रौढ साक्षरतेचे वर्ग आणि त्यांच्या जोडीने नाटक सुरू झालं. न्गुगी वा मिरी (हा दुसरा न्गुगी) आणि आपला न्गुगी यांनी गावाच्या गिकुयु भाषेत 'न्गाहिका न्देन्दा' हे नाटक लिहिलं. म्हणजे 'मला वाटेल तेव्हा लग्न करीन'. गोष्ट किगुंडा नावाच्या मजुराची. त्याच्याकडे दीड एकर जमीन, तिचा कागद घरात जपून ठेवलेला. धनिक किओई त्याला चर्चमध्ये रीतसर लग्न लावायच्या भरीस पाडतो, त्यासाठी जमीन बँकेकडे गहाण पडते आणि लिलावात जाते. आपल्याकडे सावकारी पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

संहिता घेऊन दोघे गावात गेले तेव्हा गावानेच ती तपासली. म्हाताऱ्या माणसांनी भाषा सुधारली, कुठलं पात्र कसं बोलेल ते सांगितलं. कारखान्यातल्या कामगारांनी बसून हिशेब मांडला की आपल्या घामातलं किती कुणाच्या खिशात जातं, कारण लेखकांनी कारखान्यात कधी काम केलेलंच नव्हतं. लग्नाच्या बोलणीतलं 'गितिइरो' हे सवाल-जवाबासारखं गाणं एका निरक्षर बाईने प्राध्यापकाला शिकवलं. ज्यांना वाचता येत नव्हतं, त्यांनी इतरांकडून ऐकून संवाद पाठ केले. तालमी उघड्यावर, येणारा-जाणारा उभा राहून चुका काढणार. सुमारे दोन हजार प्रेक्षकांचं खुलं नाट्यगृह गावाने स्वतः उभारलं. म्हणूनच माझ्या मते विद्यापीठाच्या निर्वसाहतीकरणाचा खरा धडा १९६८ च्या टिपणापेक्षा इथे आहे. वाचनयादी बदलणं त्यामानाने सोपं. निरक्षर माणसाने प्राध्यापकाची वही दुरुस्त करायची, हे कुठला विभाग चालवून घेईल?

२ ऑक्टोबर १९७७ ला पहिला प्रयोग झाला. १६ नोव्हेंबरला परवाना रद्द. वर्ष संपता संपता न्गुगी वा थिओंगोला घरातून उचललं आणि खटल्याशिवाय कामिती तुरुंगात टाकलं. डिसेंबर १९७८ मध्ये तो सुटला. त्याच १९७७ साली त्याची 'पेटल्स ऑफ ब्लड' ही कादंबरी इंग्रजीत आली होती, राज्यकर्त्यांवर तितकीच जळजळीत, आणि तिला सरकारने हात लावला नव्हता. आपल्याकडे 'कीचकवध'वर बंदी आली ती परक्या सरकारची. इथे बंदी घालणारं सरकार स्वातंत्र्यानंतरचं, स्वतःचं. उत्तरपत्रिकेत हा फरक लिहा, सहसा कुणी लिहीत नाही.

तुरुंगात टॉयलेट पेपरवर त्याने गिकुयुत कादंबरी लिहिली, ते किस्से तुम्हाला सगळीकडे सापडतील. मार्च १९८२ मध्ये पोलिसांनी ते खुलं नाट्यगृह जमीनदोस्त केलं, हे मात्र लोक विसरतात.

वाचायला सुरुवात न्गुगीच्याच 'डीकॉलनायझिंग द माइंड' या पुस्तकातल्या रंगभूमीवरच्या प्रकरणापासून करा, भाषेवरचं नंतर. नाटकाचा इंग्रजी अनुवाद दोघा लेखकांनीच केलाय. तो मनात न वाचता चारजण जमवून मोठ्याने वाचा. गाणी सपाट वाटतील, पण किगुंडाच्या घरातली भांडणं बरोबर कानात बसतात.