खांदा मापात, बाकी सैल

चैत्र लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय एकच असतो, उकाडा. गेल्या पंधरवड्यातल्या पत्रांपैकी चार इथे घेतली आहेत. नौपाड्यात अठ्ठावीस वर्षं मी कपडे शिवते आहे. त्यामुळे कपडा अंगावर कसा बसलाय हे मला आधी दिसतं आणि त्याचा रंग नंतर. उत्तरंही त्याच क्रमाने दिली आहेत.

काकू, मी ठाण्यात राहते आणि ऐरोलीला नोकरी करते. पावणेनऊच्या गाडीसाठी नऊ-दहा नंबरच्या फलाटावर उभी राहते तेव्हाच पाठ भिजलेली असते. ऑफिसात पोचले की एसीने काकडायला होतं. कॉटनचे म्हणून घेतलेले कुर्तेसुद्धा अंगाला चिकटतात. शिवाय रोज सकाळी कशावर काय घालायचं यात दहा मिनिटं जातात. काही सोपं सांगाल का?
– एक वाचक, चरई

आधी एक काम कर. त्यातला एक कुर्ता उलटा करून आतून बघ.

मागच्या मे महिन्यात तुझ्याच वयाची एक मुलगी असा कुर्ता घेऊन माझ्याकडे आली होती. वरचं कापड खरोखर सुती होतं, फिकट पिस्ता रंगाचं, हातमागाचं. आत मात्र कंबरेपर्यंत गुळगुळीत चमकदार अस्तर. चिमटीत धरून चोळलं तर सरसर आवाज आला. कडेचा एक दोरा काढून काडी लावली, तर तो वितळला आणि टोकाला काळा, कडक मणी तयार झाला. म्हणजे पॉलिएस्टर. सुती दोरा कागदासारखा जळतो आणि त्याची राख बोटांत मऊ लागते. पोरीने पैसे सुती कुर्त्याचे मोजले होते आणि दिवसभर अंगाला लागून होतं ते पॉलिएस्टर. या गोष्टीचा मला राग येतो. उन्हाळ्यात घामोळं अंगावर घेऊन फिरणाऱ्या किती मुली मी पाहिल्या आहेत.

दोन्हींतला फरक थोडाथोडका नाही. साध्या हवामानात १०० ग्रॅम कोरडं सुती सूत हवेतला साधारण ८.५ ग्रॅम ओलावा धरून ठेवतं, पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. त्या कुर्त्याचं अस्तर मी उसवून टाकलं आणि तिला मलमलच्या दोन बिनबाह्यांच्या शमीज शिवून दिल्या. शमीज रोज धुवायची, कुर्ता दोनदा घातला तरी चालतो. तूही हेच कर.

तुझ्या कुर्त्यांत रेयॉनचेही असतील. हल्ली मऊसूत, झुळझुळीत दिसणारे बरेचसे तयार कुर्ते रेयॉनचेच असतात. रेयॉन लाकडाच्या लगद्यापासून बनतं. ते पाणी भरपूर पितं, पण भिजलं की लोळागोळा होऊन अंगाला बिलगतं. घरी घालायला छान. फलाटावर उभं राहायला नको.

आता आपल्या हवेचं. विदर्भातला उन्हाळा कोरडा, तिथे आलेला घाम उडून जातो. आपण खाडीकाठची माणसं, इथे हवेतच इतका ओलावा की घाम जागचा हलत नाही. म्हणून कापडाने घाम शोषला एवढ्याने भागत नाही. अंग आणि कापड यांच्यामध्ये वारा फिरला पाहिजे. पण सगळीकडून सैल कपडा घातला की माणूस त्यात हरवतो. माझा साधा नियम आहे, खांदा मापात, बाकी सैल. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर बरोबर बसली की छातीपासून खाली कपडा कितीही मोकळा असला तरी तो तुझ्यासाठी शिवलेला दिसतो. तीच शिवण दोन बोटं दंडावर उतरली की तोच कुर्ता दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो.

गाडीत तू वरची कडी धरून उभी राहत असशील. मुली मला सांगतात, काकू, वारा लागायला मुंढा खोल कापा. तसं करू नका. मुंढा म्हणजे बाही जिथे जोडतात तो गोल काप. तो जितका खोल, तितका हात वर केल्यावर सगळा कुर्ता वर ओढला जातो आणि बाजूचा कट कंबरेच्या वर येतो. मुंढा बेताचाच ठेवायचा आणि बगलेत तीन इंचांचा चौकोनी तुकडा तिरका बसवायचा, आम्ही त्याला चौबगला म्हणतो. जुन्या पद्धतीच्या सदऱ्यांत तो हमखास असायचा. हात मोकळा होतो, बगलेत हवा राहते आणि शिवणही उसवत नाही. कुठलाही शिंपी अर्ध्या तासात लावून देईल, तेवढं कापड मात्र तू जपून ठेवलेलं असलं पाहिजे.

सकाळच्या दहा मिनिटांचं उत्तर कपाटाच्या खालच्या कप्प्यात आहे. वरचे कुर्ते नंतर बघ, आधी खालचे तीन नीट निवड. एक मोतिया रंगाची सरळ सुती पँट, एक गडद निळी, आणि एक घेरदार पायजमा किंवा पलाझो, मातकट नाहीतर राखाडी. घेरदार खाली असेल तेव्हा कुर्ता आखूड, गुडघ्याच्या वर संपणारा. सरळ पँटवर लांब कुर्ताही चालतो. मग नवा कुर्ता घेताना एकच अट, तो या तिघांपैकी निदान दोघांवर गेला पाहिजे. दुकानात उभी असतानाच मनात लावून बघ. नाही गेला तर ठेवून दे, कितीही सुंदर असला तरी. सहा कुर्ते पुरतात.

रंगांत एवढंच सांभाळ की फिकट राखाडी आणि आकाशी रंगांवर घामाचे डाग सगळ्यात जास्त उठून दिसतात. पांढऱ्यावर, गडद निळ्यावर आणि बारीक छापाच्या कापडावर ते लपतात. एसीसाठी सुती ओढणी किंवा पूर्ण बाह्यांचं पातळ सुती जाकीट ऑफिसच्या खणातच ठेव. आणि पिशवीत एक कोरडी शमीज. पोचल्या पोचल्या बदलली की काकडणं निम्मं कमी होतं, कारण थंडी वाजते ती ओल्या कपड्याने.

ताई, माझं वय ५४. उंची पाच फूट, अंगाने भरलेली. उन्हाळ्यात घट्ट कपडे सोसत नाहीत म्हणून सैल गाऊनसारखे ड्रेस घेतले. मुलगी म्हणते, आई, तू तंबूत शिरल्यासारखी दिसतेस. खरं सांगते, तेव्हापासून ते घालवत नाहीत. या वयात असं वाटून घ्यावं का?
– एक गृहिणी, वर्तकनगर

घ्यावं की. चौपन्नाव्या वर्षी आरशात बघून बरं वाटावं असं वाटणं यात लाजण्यासारखं काही नाही. माझ्याकडे ७० वर्षांच्या बायका येतात आणि गळ्याच्या पट्टीवरून तासभर चर्चा करतात. मला त्यांचा आदर वाटतो.

तुमचे ड्रेस टाकू नका. त्यातला एक घालून आरशासमोर उभ्या राहा आणि दोन जागा बघा. पहिली, खांदा. तयार सैल ड्रेस छातीच्या मापाने घेतला की खांदा हमखास मोठा निघतो, कारण छाती भरली म्हणून खांद्याचं हाड लांब होत नाही. शिंप्याला सांगा, दोन्ही खांदे हाडापर्यंत आत घ्या, बाकीला हात लावू नका. बाह्या काढून पुन्हा बसवाव्या लागतात, काम थोडं किचकट आहे, पण ड्रेसचं रूप तिथेच बदलतं.

दुसरी जागा, ड्रेस संपतो ती. पोटरीच्या सगळ्यात जाड भागावर काठ आला की माणूस बुटका दिसतो. तो काठ गुडघ्याच्या खाली चार बोटांवर घ्या, नाहीतर थेट घोट्याच्या जरा वर न्या. घोटा दिसू द्या. पाच फूट उंचीला घोट्याजवळ दिसणारं ते बोटभर मोकळेपण फार उपयोगाचं असतं.

नवा शिवाल तेव्हा कळीचा कुर्ता शिवा. खांद्यापासून छातीपर्यंत अंगासरशी, तिथून कळ्यांनी हळूहळू पसरणारा. घेर कंबरेला चुण्या घालून दिला तर चुण्यांचा फुगवटा नेमका पोटावर येतो. कळ्यांचा घेर सरळ खाली पडतो. कापड मंगलगिरी सुतीसारखं, जरा अंग असलेलं घ्या. मलमल तुमच्या ड्रेसला नको, ते आतून घालायला ठेवा, कारण फार पातळ कापड शरीराची प्रत्येक वळी दाखवतं. गळा उभा, इंग्रजी व्हीसारखा, बेताचा खोल. बाही कोपराच्या वर दोन बोटं. कोपरापाशी घाम साचतो आणि तिथे काठ असेल तर घासत राहतो.

मुलीला घेऊनच माप द्यायला जा. तंबू म्हणाली खरी, पण तिने नीट पाहिलं म्हणून म्हणाली. तिची नजर कामाला येईल.

मी खारघरला शाळेत शिक्षक आहे. स्कूटरने जातो. इन केलेला शर्ट अकरा वाजेपर्यंत पाठीला चिकटतो. इस्त्री टिकते म्हणून मिश्र कापडाचे शर्ट घेतो. अर्ध्या बाह्या घालाव्यात का?
– एक शिक्षक, खारघर

इस्त्री टिकते ती त्यातल्या पॉलिएस्टरमुळेच आणि तुमचा शर्ट चिकटतो तोही त्याच्याचमुळे. दोन्ही एकदम मिळणार नाही, सर. शाळेचे दोन शर्ट तरी निव्वळ सुती घ्या, बारीक चौकडीचे. चौकडीत सुरकुती आणि घाम दोन्ही कमी दिसतात. वर्गात लिनन नको. थंड असतं, पण दुसऱ्या तासालाच चुरगळतं आणि फळ्याकडे तोंड केलं की सगळ्या वर्गाला तुमची पाठच दिसते.

स्कूटरवर पूर्ण बाह्याच बऱ्या, ऊन थेट हातावर येत नाही. शाळेत पोचल्यावर कोपरापर्यंत दुमडा. पाठीला खांद्याच्या पट्टीखाली दोन चुण्या असलेला शर्ट शिवून घ्या, हँडल धरताना पाठ ताणली जात नाही आणि तिथून वारा जातो. आतला बनियन सोडू नका, तो बिनबाह्यांचा असेल तर बाह्यांचा घ्या, म्हणजे बगलेतला घाम शर्टापर्यंत पोचत नाही. शाळेत इनची सक्ती नसेल तर बाहेर सोडण्यासाठी वेगळा शर्ट शिवा, खालून सरळ कापलेला. इन करायचा लांब शर्ट तसाच बाहेर सोडला की पाय आखूड दिसतात.

आईच्या सात-आठ सुती साड्या घरी पडून आहेत. ती गेल्यापासून कुणी नेसत नाही, देऊन टाकवत नाहीत. त्यांचे उन्हाळ्याचे कुर्ते होतील का? कापायला हात धजत नाही.
– एक वाचक, कोपरखैरणे

होतील, आणि याहून चांगलं उन्हाळी कापड तुम्हाला बाजारात मिळणार नाही. वीस-पंचवीस वर्षं धुतलेलं सूत इतकं मऊ होतं की त्यावर हात फिरवताना मीसुद्धा थांबते. शिवाय ते आटण्याची भीती नाही, जे आटायचं ते केव्हाच आटून झालेलं असतं.

सगळ्या एकदम कापू नका. तिला सगळ्यात आवडती असेल ती तशीच ठेवा. बाकीच्यांतली एक काढून खिडकीशी उजेडावर धरा. दिवस असतानाच बघा, दिव्याखाली कळत नाही. जिथे पलीकडचं स्पष्ट दिसेल, सूत विरळ झालेलं असेल, तिथे खडूने खूण करा. साडी विरते ती बहुतेक खोचण्याच्या पट्ट्यात आणि पायाशी, निऱ्यांच्या खालच्या काठाला. ते भाग सोडले तरी साडेपाच मीटरांतून एक कुर्ता आणि एक ओढणी आरामात निघते. पदराची ओढणी करा, काही न कापता, नुसती कडेला शिवण मारून.

कुर्त्याच्या खालच्या कडेला साडीचा काठ आणायचा असेल तर कापड आडवं धरावं लागतं आणि साडीचा पन्हा तेवढीच कुर्त्याची लांबी मिळते. साधारण ४४ इंचांच्या पन्ह्यात गुडघ्याखाली जाणारा कुर्ता होतो. शिवणीच्या आत सोडतात ते जादा कापड, म्हणजे माया, नेहमीपेक्षा जास्त, इंचभर ठेवायला सांगा आणि कुर्ता अंगालगत मुळीच नको. जुनं सूत ताण सोसत नाही. खांद्याला आतून मलमलची पट्टी द्या. बगलेतला चौबगला मात्र त्या साडीचा कापू नका, नव्या कापडाचा लावा. जुनं सूत फाटतं ते पहिल्यांदा तिथेच.