स्लिपवर कापले, पासबुकात नाहीत

प्रश्न : काका, मी अंबडच्या एका पॅकेजिंग युनिटमध्ये गेल्या जूनपासून कामाला आहे. पगार १९,४०० रुपये. फेब्रुवारीच्या स्लिपची झेरॉक्स सोबत पाठवतेय. पीएफचे १८०० दर महिन्याला कापतात. मैत्रिणीने मोबाइलवर पासबुक उघडून दिलं, तर त्यात सप्टेंबरपर्यंतच्याच नोंदी. ऑफिसात विचारलं तर म्हणतात, "सर्व्हर डाउन आहे, येतील." माझे पैसे बुडाले का?
— एक भगिनी, सिडको, नाशिक

उत्तर : ताई, बुडाले असं अजून म्हणता येणार नाही. पण सर्व्हर काही चार-पाच महिने डाउन राहत नाही.

फेब्रुवारीचं सोडून द्या. त्या महिन्याचे पैसे भरायची मुदत १५ मार्चपर्यंत असते आणि नोंद दिसायला वर चार दिवस लागतात. ऑक्टोबर ते जानेवारी हे चार महिने मात्र सरळ थकलेत. म्हणजे तुमचे ७,२०० आणि कंपनीने स्वतःच्या खिशातून घालायचे तेवढेच. कंपनीच्या १८०० पैकी १२५० पेन्शनच्या रकान्यात जातात, त्यामुळे पासबुकात दोन आकडे वेगवेगळे दिसले तर घाबरू नका. कधीकधी एका माणसाचे दोन यूएएन (पीएफचे कायमचे सदस्य क्रमांक) होतात आणि पैसे भलत्याच खात्यात जाऊन बसतात. तुमच्या पहिल्या चार महिन्यांच्या नोंदी व्यवस्थित आहेत, तेव्हा इथे तो प्रकार दिसत नाही.

माझीच गोष्ट सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला मी अंबडलाच एका प्रेस शॉपमध्ये टाइमकीपर होतो. महिनाअखेरीला मोठ्या रेघांच्या रजिस्टरवर पगारपत्रक हाताने लिहायचं, सात तारखेला पाकिटं भरायची, सुट्टे पैसे मोजून स्टेपलर मारायचा. "पीएफ" हा रकाना मीच भरत होतो, माझ्या स्वतःच्या नावापुढेसुद्धा. नोकरी सोडल्यावर पैसे काढायचा फॉर्म घेऊन पीएफ ऑफिसात गेलो. तिथल्या बाबूंनी लेजरचं पान उलटलं, बोट ठेवलं आणि म्हणाले, "तुमचं खातं इथे थांबलंय." शेवटचे चौदा महिने कोरे होते. मी आकडे लिहीत होतो आणि मालक चलन भरतच नव्हता! वसुली होऊन माझे पैसे हातात पडायला दोन वर्षं गेली. तेव्हापासून कपात लिहिलेली दिसली की मी आधी चलन बघायला मागतो.

आता तुम्ही काय करायचं? जूनपासूनच्या सगळ्या स्लिपा, बँकेत पगार जमा झाल्याचं स्टेटमेंट आणि पासबुकाची प्रिंट एकत्र लावा. कंपनीला दोन ओळींचं पत्र द्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी विचारलेलं मोजत नाहीत. पंधरा दिवसांत हालचाल झाली नाही तर भविष्य निधीच्या तक्रार पोर्टलवर यूएएन टाकून तक्रार नोंदवा. दर महिन्याच्या २७ तारखेला "निधी आपके निकट" नावाचं शिबिर भरतं, तिथे कागद घेऊन माणसासमोर बसता येतं. मला स्वतःला पोर्टलपेक्षा ते बरं वाटतं. नोकरी जाईल अशी धास्ती असेल तर तीन-चार जणींनी मिळून जा. एकीच्याच नावाने तक्रार गेली की बोट तिच्याकडेच जातं. आणि मालक ऐकेना, तर पगारातून कापून न भरणं हा फौजदारी विश्वासघात धरला जातो, एवढं त्याच्या कानावर घाला.

आता एक गोष्ट जी तुम्ही विचारलीच नाहीत. तुमच्या झेरॉक्सवर पीएफखाली ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, १४६ आहेत. ते बरोबर आहेत, पाऊण टक्क्याने १४५.५० होतात आणि पुढचा पूर्ण रुपया धरतात. त्याच्या खाली व्यवसाय कर ३००. हा कुठून आला? महाराष्ट्रात १ एप्रिल २०२३ पासून २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना व्यवसाय कर शून्य आहे. बहुधा पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये तुमच्या नावापुढे "पुरुष" पडलंय, नाहीतर जुनाच तक्ता चालू आहे. जून ते जानेवारी दरमहा २०० आणि फेब्रुवारीचे ३०० धरले तर १,९०० रुपये होतात. ते त्याच पत्रात मागून घ्या. शेजारच्या टेबलावरच्या बायकांच्या स्लिपाही बघा.

(फेब्रुवारीत ३०० का, हे दरवर्षी कोणीतरी विचारतंच. राज्यघटनेने या कराला वर्षाला २,५०० ची मर्यादा घातली आहे. अकरा महिने २०० घेतले की २,२०० होतात, उरलेले ३०० फेब्रुवारीत. दंड वगैरे काही नाही.)

प्रश्न : माझं अंबडला छोटं युनिट आहे, २४ वर्कर. मोठ्या कंपनीकडे तीन महिन्यांचं पेमेंट अडकलंय. पगार कसाबसा करतो. पीएफ आणि टीडीएस (कापून घेतलेला प्राप्तिकर) दोन महिने मागे ठेवला तर चालेल का? सीए म्हणतात, व्याज भरून मोकळे व्हा.
— एक उद्योजक

उत्तर : शेठ, तुमची अडचण खोटी नाही. मी पाहिलेल्या दहा थकबाकीदारांपैकी आठ चोर नव्हते, अडकलेले होते. घडतं असं, की हातात येतात तेवढ्यात निव्वळ पगार बसतो आणि कपात नुसती कागदावर होते. २४ जणांचे प्रत्येकी १८०० धरले तर पीएफचे ४३,२०० रुपये. ते कापले जातात तेव्हाही तुमच्या खात्यात नसतात. मग पंधरा तारखेला आणायचे कुठून?

"व्याज भरून मोकळे" हा हिशेब मात्र अर्धा आहे. पीएफवर वर्षाला १२ टक्के व्याज, वर जून २०२४ पासून दरमहा १ टक्का नुकसानभरपाई. मार्च २०२६ पर्यंतच्या वर्षांत त्याहून महाग पडायचं ते प्राप्तिकरात. कामगाराच्या वाट्याची रक्कम मुदतीनंतर भरली तर ती खर्चात कधीच धरली जात नसे, रिटर्नच्या आधी भरली तरीही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये तसाच निकाल दिला होता. तीस टक्क्यांच्या घरात असलात तर त्या वर्षांच्या एका महिन्याच्या ४३,२०० वर १२,९६० रुपये जादा कर बसायचा. तोच पैसा ओव्हरड्राफ्टमधून काढून वेळेत भरलात तर स्वस्तात सुटाल.

टीडीएसची गंमत वेगळीच. ३१ जुलैला कापलेला कर ७ ऑगस्टला भरायचा. ८ ला भरलात तर एका दिवसाचं नाही, जुलै आणि ऑगस्ट असे दोन महिने धरून दरमहा दीड टक्का व्याज लागतं.

म्हणून पगाराच्याच दिवशी कपातीची रक्कम दुसऱ्या खात्यात वळवा आणि त्या खात्याचं चेकबुक घरी ठेवा. ती रक्कम वळवल्यावर पगाराला पैसे पुरत नसतील, तर तुमचा खरा आकडा तुम्हाला सात तारखेलाच कळेल, पंधराला नाही. आणि मोठ्या कंपनीचा मुलाहिजा किती ठेवायचा? तुमच्या युनिटची उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) असेल तर लेखी करार असूनही ४५ दिवसांच्या पुढे पेमेंट लांबवता येत नाही. तिथल्या खरेदी विभागाला हे लेखी कळवा.

प्रश्न : मागच्या कंपनीने वर्षभर टीडीएस कापला, पण फॉर्म २६ एएसमध्ये (आपल्या नावावर जमा झालेला कर दाखवणाऱ्या तक्त्यात) काहीच नाही. आता मलाच कर भरायची नोटीस आलीय.
— गंगापूर रोड

उत्तर : पगारातून कापला गेलेला कर पुन्हा तुमच्याकडून मागता येत नाही, कायद्यात तसं स्पष्ट आहे. अशी मागणी सक्तीने वसूल करू नका, असं केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २०१५ मध्येच अधिकाऱ्यांना कळवलंय. पण नोटीस आपोआप मिटत नाही. मागणी मान्य नसल्याचं उत्तर पोर्टलवर मुदतीत टाका आणि बारा स्लिपा जोडा. बँकेच्या स्टेटमेंटमध्ये पगाराच्या जमा ओळी हायलाइटरने रंगवा. स्लिपवरची निव्वळ रक्कम आणि बँकेतली जमा रुपयाशी रुपया जुळली पाहिजे. कर कापला गेला हे अधिकाऱ्याला दिसतं ते तिथेच.