कंट्रोल रूमला ऑफिसची सुरक्षा चालेल का?

प्रश्न : मी माहुल परिसरातील एका रासायनिक कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशन विभागात आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेल्यापासून आमच्या व्यवस्थापनाने सायबर हल्ल्याचा धसका घेतला आहे. ऑफिसातले अँटिव्हायरस, आपोआप बसणारे पॅच (सॉफ्टवेअरमधील त्रुटी बुजवणारे बदल) आणि दर आठवड्याचे नेटवर्क स्कॅनिंग (जोडलेल्या उपकरणांना संदेश पाठवून होणारी तपासणी) आता प्लांटच्या कंट्रोल रूमलाही लागू करायचे, असे आयटी विभागाने ठरवले आहे. हरकत घेतली की 'तुम्हाला सुरक्षाच नको' असे ऐकावे लागते. योग्य काय?
— एक वाचक, चेंबूर

उत्तर : आपली हरकत रास्त आहे, परंतु ती नुसत्या नकारावर थांबली तर टिकणार नाही. मुंबईच्या त्या घटनेचा आधार मात्र कोणीच घेऊ नये. तिच्या कारणाबद्दल २०२१ मध्ये राज्याच्या गृहमंत्र्यांनी घातपाताची शंका बोलून दाखवली, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक असल्याचे सांगितले.

ऑफिसात संशयास्पद संगणक नेटवर्कपासून तोडला तर काही तासांचे काम अडते. प्लांटमध्ये ऑपरेटरच्या स्क्रीनवरून दाब आणि तापमान दिसेनासे झाले तर माणसांच्या जिवाशी गाठ असते. म्हणून सर्वांत आधी स्कॅनिंग थांबवावे. १९७९ साली आलेला मॉडबससारखा प्रोटोकॉल (यंत्रांची आपसांतील संवादाची पद्धत) आजही सर्रास वापरात आहे, त्यात आज्ञा देणारा कोण हे तपासण्याची सोयच नाही, आणि अनपेक्षित संदेशांचा मारा झाला तर जुना पीएलसी (यंत्रे चालवणारा औद्योगिक संगणक) अडकून पडू शकतो. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेच्या मार्गदर्शिकेत याची नोंद आहे : चालू नेटवर्कवर साधा पिंग स्वीप (कोणती उपकरणे चालू आहेत हे संदेश पाठवून पाहणे) करताच स्टँडबायवर असलेला सुमारे ९ फुटी यांत्रिक हात अचानक १८० अंशांत फिरला. सुदैवाने खोलीतील व्यक्ती त्याच्या टप्प्याबाहेर होती. त्याऐवजी नेटवर्क स्विचच्या मिरर पोर्टवरून (जिथे संदेशांची प्रत मिळते) नुसती वाहतूक ऐकणारे साधन बसवावे. ते प्लांटला एकही संदेश पाठवत नाही, तरीही कोणते उपकरण कोणाशी बोलते याची यादी हाती देते.

अँटिव्हायरसचा धोका वेगळा आहे. एप्रिल २०१० मध्ये मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःची फाइलच विषाणू ठरवली, आणि १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. कंट्रोल रूममधील संगणकावर वर्षानुवर्षे तेच मोजके प्रोग्राम चालतात, त्यामुळे फक्त मान्य प्रोग्रामनाच चालू देणारी व्यवस्था तेथे अधिक शोभते. पॅच नाकारू नयेत. यंत्रणेच्या पुरवठादाराने तपासलेले पॅच आधी वेगळ्या संगणकावर चालवून पाहावेत आणि मगच नियोजित शटडाउनमध्ये बसवावेत.

आता आयटी विभागाचे जे म्हणणे खरे आहे तेही मान्य करायला हवे. 'आमचे नेटवर्क बाहेर जोडलेलेच नाही' हा भरवसा २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या औद्योगिक यंत्रणांवरील विषाणूने मोडला. तो पेनड्राइव्हवरूनही पसरत होता. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमध्ये सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली, तेव्हा हल्लेखोर ऑफिसच्या नेटवर्कमधून, चोरलेल्या पासवर्डच्या आधारे, नियंत्रण यंत्रणेत शिरले होते. ऑफिस आणि प्लांट यांच्या सीमेवरील फायरवॉल, दूरस्थ प्रवेशासाठी पासवर्डखेरीज दुसरी पडताळणी, लॉगची (यंत्रणेतील नोंदींची) तपासणी ही कामे आयटीच्याच अनुभवाची आहेत, आणि ती त्यांनी मन लावून करावीत असा आग्रह आपणच धरावा.

आपल्या विभागाकडून मात्र एक गोष्ट आजच तपासा. २०१७ मध्ये सौदी अरेबियातील पेट्रोकेमिकल कारखान्यावर ट्रायटन या घातक सॉफ्टवेअरचा हल्ला झाला, तेव्हा सेफ्टी कंट्रोलरची (धोका दिसताच प्लांट बंद करणाऱ्या यंत्रणेची) किल्ली 'प्रोग्राम' स्थितीत राहिलेली होती, म्हणूनच त्यात परका प्रोग्राम घालता आला. ती किल्ली 'रन'वर फिरवायला खर्च येत नाही.

व्यवस्थापनापुढे प्रस्ताव असा ठेवावा : वेल्डिंगला हॉट वर्क परमिट (आगीचा धोका असलेल्या कामाची लेखी परवानगी) लागते, तसे नियंत्रण नेटवर्कवर कोणतेही सुरक्षा साधन चालवण्यापूर्वी शिफ्ट इन्चार्जच्या सहीचे परमिट लागेल, आणि पीएलसीच्या प्रोग्रामचा ताजा बॅकअप हाती असल्याशिवाय ती सही होणार नाही.