तुमचे प्रश्न : ‘विंड रिव्हर’ बघून झोप का लागत नाही?

गेल्या वेळी बर्फातल्या सिनेमांबद्दल लिहिताना मी ‘विंड रिव्हर’ला (२०१७) जेमतेम दोन ओळी दिल्या होत्या आणि आता पत्रांचा ढीग बघितला तर निम्मी त्याच सिनेमाबद्दल आहेत. म्हणून आजचं सगळं सदर त्यालाच दिलंय. शेवटासकट सगळं उघड होणार आहे, त्यामुळे बघितला नसेल तर आधी बघून या, १०७ मिनिटांचाच आहे.

प्रश्न : ताई, मर्डर मिस्टरी म्हणून रात्री निवांत लावला. खुनी सापडला, त्याला शिक्षा पण झाली, तरी छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटत राहिलं, दोन वाजेपर्यंत टक्क जागा होतो. आणि रहस्य म्हणाल तर फार काही नाहीच त्यात. मग एवढा त्रास का झाला?

त्रास झाला कारण सिनेमा रहस्याचा नाहीच, तो दोन बापांचा आहे असं मला वाटतं. कोरी (जेरेमी रेनर) हा अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातला सरकारी शिकारी, मेंढरांवर येणारे लांडगे आणि डोंगरी सिंह (प्युमा) मारणं हे त्याचं काम, आणि तो सिंहाचा माग काढत असताना त्याला बर्फात नॅटली सापडते, १८ वर्षांची, अनवाणी, कपाळावर जखम, घरांपासून मैलोन्‌मैल लांब. ती त्याच्या मित्राची मुलगी. आणि कोरीची स्वतःची मुलगी एमिली तीन वर्षांपूर्वी अशीच बर्फात मिळाली होती, तिचं काय झालं ते त्याला कधीच कळलं नाही आणि सिनेमा संपेपर्यंत आपल्यालाही कळत नाही. इथे लक्ष द्या. आपण बसतो नॅटलीचा खुनी शोधायला, तो मिळतो, पण एमिलीचा मिळत नाही, आणि तुमच्या छातीवरचा दगड तो आहे. दिग्दर्शक टेलर शेरिडनने अर्धं दुःख मुद्दाम उघडं ठेवलंय.

मला विचाराल तर अख्ख्या सिनेमातला सगळ्यात मोठा प्रसंग खुनाचा नाही की गोळीबाराचा नाही, तो मार्टिनच्या घरातला आहे. मार्टिन म्हणजे नॅटलीचे वडील, गिल बर्मिंगहॅमने केलंय ते काम. एफबीआयची, म्हणजे केंद्र सरकारच्या तपास यंत्रणेची, तरुण बाई जेन (एलिझाबेथ ओल्सन) त्यांना प्रश्न विचारते, मुलगी कुठे होती ते तुम्हाला कसं माहीत नाही वगैरे, आणि तो माणूस कोरड्या डोळ्यांनी, दगडासारखा बसून उत्तरं देतो, म्हणतो ती सज्ञान होती. आपल्याला वाटतं काय कठोर बाप आहे. मग दार वाजतं, तो उठून दार उघडतो, समोर कोरी उभा, आणि एक शब्द न बोलता तो माणूस त्याच्या गळ्यात पडून ढसाढसा रडतो. जेनला दाखवलं नाही ते दुःख त्याने फक्त त्याच्यासमोर काढलं ज्याची स्वतःची पोर गेलीय. मी हे दोनदा बघितलं आणि दोन्ही वेळा पॉज करून बसून राहिले थोडा वेळ.

त्यानंतर बाहेर बसून कोरी त्याला जे सांगतो त्यात धीर देणं नावाला नाही. तू परत पहिल्यासारखा कधीच होणार नाहीस हे तो स्वच्छ सांगतो, आणि दुखणं टाळायला गेलास तर तिच्या सगळ्या आठवणी पण जातील म्हणतो, पहिल्या पावलापासून शेवटच्या हसण्यापर्यंत. दुःखात असलेल्या माणसाला आपण ‘होईल सगळं ठीक’ म्हणून मोकळे होतो ना, त्याच्या नेमकं उलट आहे हे. म्हणून झोप लागत नाही. त्यात निक केव्ह आणि वॉरन एलिस यांचं संगीत, कोणीतरी लांबून विव्हळतंय असं, ते डोक्यातून जात नाही.

प्रश्न : डॉक्टर मृत्यूच्या दाखल्यावर ‘खून’ लिहायला तयार का नाही? सरळ दिसतंय की मुलीवर अत्याचार झाला आणि ती जीव घेऊन पळाली. तिथे मला प्रचंड राग आला, पण कायद्याचं काही कळलं नाही.

राग यायलाच पाहिजे. तिथला घोळ असा आहे : विंड रिव्हर ही खरी जागा आहे, वायोमिंगमध्ये सुमारे २२ लाख एकरांचं रिझर्व्हेशन, म्हणजे आदिवासींसाठी राखून ठेवलेला मुलूख, ईस्टर्न शोशोनी आणि नॉर्दर्न अरापाहो या दोन आदिवासी जमातींचं. अशा जमिनीवर कोणत्याही पोलिसाने कोणालाही पकडलं आणि खटला भरला असं होत नाही. १८८५ च्या एका कायद्याने खुनासारखे मोठे गुन्हे केंद्राकडे गेले, म्हणून एफबीआय. आता दाखल्यावर ‘खून’ असेल तर एफबीआयची टीम येणार, पण शवविच्छेदनात मरणाचं कारण निघतं फुफ्फुसातला रक्तस्राव, तो थंडीने झाला, कोणी हाताने नाही केला. डॉक्टरला मनातून माहीत आहे की हा खूनच आहे पण कागदावर तसं लिहिता येत नाही, आणि कागदावर नाही म्हणजे टीम नाही. मग एवढ्या मुलखाला सहा पोलीस, त्यांचा एक म्हातारा चीफ, एक शिकारी आणि लास वेगासहून पातळ जॅकेट घालून आलेली एकटी जेन, एवढेच उरतात.

पण खरी मेख सिनेमाच्या बाहेर आहे. १९७८ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की आदिवासी न्यायालयांना बाहेरच्या, म्हणजे बिगर-आदिवासी माणसावर फौजदारी खटला चालवता येणार नाही. म्हणजे गुन्हा त्यांच्या जमिनीवर, त्यांच्या मुलीवर, आणि आरोपी बाहेरचा असला की त्यांच्या न्यायाधीशाचे हात बांधलेले. सिनेमातले गुन्हेगार तेल काढणाऱ्या साइटवरचे, बाहेरून आलेले सिक्युरिटी गार्ड आहेत, तो योगायोग नाही. २०१३ मध्ये घरगुती हिंसाचारापुरती थोडी मोकळीक मिळाली आणि २०२२ मध्ये लैंगिक अत्याचारासारखे आणखी गुन्हे त्यात आले, पण ते जमातीने ठरावीक अटी पूर्ण केल्या तर.

शेवटी पडद्यावर जी ओळ येते, की बेपत्ता लोकांची आकडेवारी सगळ्या गटांची ठेवली जाते फक्त आदिवासी बायकांची सोडून, तिच्याबद्दल पण तीन पत्रं आहेत. त्यावर एकच गोष्ट सांगते. अर्बन इंडियन हेल्थ इन्स्टिट्यूटने (इथे इंडियन म्हणजे अमेरिकेतले आदिवासी) २०१८ मध्ये अहवाल काढला, त्यात २०१६ या एका वर्षात आदिवासी बायका आणि मुली बेपत्ता झाल्याच्या ५,७१२ नोंदी गुन्हेनोंदणीत होत्या आणि न्याय खात्याच्या बेपत्ता लोकांच्या यादीत त्यातल्या फक्त ११६. म्हणजे कुठेतरी बापाने जाऊन तक्रार लिहून दिलीय आणि पुढच्या यादीत त्या मुलीचं नावच नाही. २०२० मध्ये ‘सवानाज अॅक्ट’ नावाचा कायदा झाला तो या नोंदी नीट ठेवल्या जाव्यात म्हणूनच.

प्रश्न : उणे तापमानात पळालं तर खरंच फुफ्फुसं फुटून रक्त येतं का? मी डॉक्टर नाही पण पटलं नाही.

तुमची शंका बरोबर आहे, ते बरंच ताणलंय. हवा नाकातून, घशातून जाताना गरम होत जाते, त्यामुळे फुफ्फुसात पोचेपर्यंत ती बर्फाची राहत नाही, स्कीइंगचे खेळाडू गोठवणाऱ्या हवेत तासन्‌तास धापा टाकतात. श्वासनलिका आकसते, खोकला येतो, दम्याच्या माणसाला अटॅक येऊ शकतो. अनवाणी, अंगावर पुरेसे कपडे नाहीत अशा मुलीचा जीव बहुतेक हायपोथर्मियाने जाईल, म्हणजे शरीराचं तापमान ३५ अंशांच्या खाली उतरत जाऊन. पण कथेला हे कारण लागतंय, कारण दाखल्याचा सगळा तिढा त्याच्यावर उभा आहे, आणि शेवटी डोंगरावर कोरी त्या गुन्हेगाराला जी संधी देतो, जा पळ अनवाणी, तीसुद्धा. नॅटली सहा मैल पळाली, साडेनऊ किलोमीटरपेक्षा जास्त, आणि तो थोडक्यातच कोसळतो.

प्रश्न : आदिवासींच्या दुःखाची गोष्ट आणि हिरो गोरा, वाचवणारी पोलीस पण गोरी. हे तुम्हाला खटकलं नाही?

खटकलं. कोरी त्या समाजात लग्न केलेला आहे, त्याची मुलगी अर्धी त्यांचीच होती, हे शेरिडनने घातलंय, तरी बंदूक त्याच्याच हातात राहते आणि न्यायपण तोच करतो. मला सारखं वाटत राहिलं की ट्रायबल पोलिसांचा चीफ बेन मध्यभागी असायला हवा होता. ग्रॅहम ग्रीन यांनी केलाय तो, कॅनडातले ओनायडा जमातीचे मोठे नट, २०२५ मध्ये गेले ते. जेन जास्तीची माणसं मागवू म्हणते तेव्हा ते इतक्या सहज सांगतात की इथे कोणी मदतीला येत नसतं, ज्याचं त्याने बघायचं, जसं काही पावसापाण्याचं बोलताहेत. त्या एका वाक्यात आयुष्य आहे त्या माणसाचं.

पण शेवट मात्र मार्टिनचा आहे, तेवढं शेरिडनने केलं. मार्टिन अंगणात चेहरा रंगवून बसलाय, मरणाचा रंग. कोरी विचारतो हे तुला कसं येतं, तर तो म्हणतो येत नाही, मनानेच केलं, शिकवायला कोणी उरलं नाही. मुलगी गेली ते एक, आणि मुलीसाठी रडायची रीतसुद्धा गेली. मग तो कोरीला विचारतो बसायला वेळ आहे का, आणि दोघं बर्फात नुसते बसतात.

प्रश्न : माझ्या बहिणीची मुलगी दोन वर्षांपूर्वी गेली. बहिणीला हा सिनेमा दाखवावा का? तिला थोडं मोकळं वाटेल असं वाटतं.

आपणहून लावू नका. बापांचे प्रसंग तिला कदाचित जवळचे वाटतील, पण त्याच सिनेमात नॅटलीची आई आतल्या खोलीत स्वतःच्या हातावर सुरी चालवताना दिसते, काही सूचना न देता, आणि पुढे अत्याचाराचा प्रसंग आहे तो मलाही बघवला नाही. आधी तिला सगळी गोष्ट तोंडाने सांगा, शेवटासकट. मग ती स्वतः म्हणाली बघू, तर शेजारी बसून बघा आणि रिमोट तुमच्या हातात ठेवा. आईचा प्रसंग मार्टिनच्या घरात जेन प्रश्न विचारते त्याच्या लगेच नंतर येतो. दुसरा शेवटच्या अर्ध्या तासात, साइटवरच्या ट्रेलरचं दार वाजतं आणि दार उघडलं की आपण एकदम आधीच्या रात्रीत जातो. दार वाजलं की पुढे न्या.