पॅटाविअम आधी शांत होऊ दे

प्रिय मित्रा,

'रोम: टोटल वॉर' या संगणकावरच्या युद्धखेळात मेडिओलानम आणि पॅटाविअम ही दोन्ही शहरे सुरुवातीलाच घेऊनही तिजोरी रिकामी का, आणि पॅटाविअम बंड करून हातचे का गेले, असे तू रविवारी शहापुरातून फोनवर विचारलेस. या खेळात ज्युलाय या रोमन घराण्याची मोहीम इ.स.पूर्व 270 मध्ये अरेटिअम आणि अरिमिनम या दोनच शहरांवर सुरू होते आणि उत्तरेकडचे गॉल लोक सहज हरवता येतील असे वाटते. त्यामुळे तुझी घाई मला समजते. मान्य मात्र नाही.

घेतलेले शहर शांत झाल्याखेरीज सैन्य तेथून हलवू नये. तू पॅटाविअम जिंकलेस आणि पुढच्याच टर्नला, म्हणजे खेळीला, सगळे हस्ताती (रोमन पायदळ) घेऊन आल्प्सकडे निघालास; मागे ठेवलीस ती लढाईत अर्धी उरलेली एकच तुकडी. बंदोबस्ताचा परिणाम शिपाई किती शूर यावर नव्हे, तर डोकी किती यावर ठरतो, म्हणून हस्ताती अडकवून न ठेवता स्वस्तातली टाऊन वॉच (शहराच्या पहाऱ्याची तुकडी) भरावी, कर खालच्या पातळीवर आणावा, घराण्यातला एक माणूस सुभेदार म्हणून बसवावा आणि शहराच्या नावाजवळचा लाल चेहरा, म्हणजे अशांततेची खूण, बदलेपर्यंत थांबावे. निपाणीत तंबाखूचे पान नीट वाळल्याशिवाय कोणी बांधत नाही.

दुसरे असे की, शहर हाती येताच खेळ तीन पर्याय देतो आणि तू दयेपोटी नुसता ताबा घेतलास, म्हणजे सगळी चिडलेली वस्ती जशीच्या तशी आत राहिली. गुलाम करण्याचा पर्याय निवडला असतास तर साधारण निम्मे लोक तुझ्या सुभेदार असलेल्या शहरांत वाटले गेले असते, आणि अरेटिअमला पुढच्या दर्जाला जाण्यासाठी लागणारा 6,000 लोकसंख्येचा टप्पा लवकर गाठता आला असता. खेळातल्या दयेची किंमत पॅटाविअमने वसूल केली, एवढेच म्हणतो.

आमच्या कॉलेजच्या दिवसांत टिळकवाडीतले मित्र 15 प्रांत जिंकण्याची छोटी मोहीम झपाट्याने संपवत आणि मला 'हिवाळे मोजणारा' म्हणत. एका टर्नला सहा महिने जात असल्याने माझे हिवाळे खरोखरच पुष्कळ जात. पण माझ्या मागे एकही शहर पेटले नाही, रस्ते होते, बंदरांतून व्यापाराचा पैसा येत होता. तो भित्रेपणा नव्हता. तेव्हा मी वाद घातला नाही याची रुखरुख अजून आहे, आणि तुला ही लांबण लावण्यामागे तेही एक कारण असावे.

खेळात रोमची सिनेट, म्हणजे राज्यसभा, घराण्यांना हुकूम देते; तिचे कामही याच नियमात बसते. हुकूम मोडला तर सिनेटची मर्जी कमी होते, हे खरे. पण अर्धे सैन्य भलतीकडे धाडून घर उघडे टाकण्यापेक्षा ती नाराजी परवडते. शहर शांत असेल तर हुकूम पाळ, नसेल तर नको. हे मी किती वेळा सांगायचे?

मेडिओलानम आणि पॅटाविअम घेण्यापूर्वीची सेव्ह (साठवलेला खेळ) तुझ्याकडे आहे, ती उघड. पहिले दोन टर्न कुठेही चालून जाऊ नकोस. अरेटिअम आणि अरिमिनम या दोन्ही शहरांत कच्चे रस्ते आणि शेतीची कामे लाव, वकिलाला शेजाऱ्यांकडे व्यापाराच्या करारासाठी पाठव, आणि मेडिओलानमची तटबंदी लाकडी असेल तर वेढा घातल्यावर धडक देणारा ओंडका तयार होईपर्यंतचा टर्न काढ. पॅटाविअमकडे वळण्यापूर्वी मेडिओलानमचा चेहरा कोणत्या रंगाचा आहे, ते मला फोनवर सांग.

तुझा,
दादा