सर्व्हर रूममधील आग विझवणारा गॅस सुटला तर आत असलेल्या माणसाला धोका असतो का?

नमस्कार. अंधेरी पूर्वेतील आपल्या कार्यालयात सर्व्हर रूमच्या कोपऱ्यात एक मोठा लाल सिलिंडर आहे, त्यातील गॅस ‘माणसाला पूर्ण निरुपद्रवी’ असल्याचे देखभालीचा ठेकेदार सांगतो, आणि पुढच्या महिन्यात त्याच खोलीत सुतारकाम निघणार आहे, तर आत काम करणाऱ्यांना धोका आहे का, असे आपण विचारले आहे. स्टोअरमध्ये पडून असलेल्या हॅलॉनच्या, म्हणजे आग विझवणाऱ्या एका जुन्या वायूच्या, सिलिंडरचे काय करावे, हाही आपला प्रश्न आहे. नरिमन पॉइंटपासून मरोळपर्यंतच्या इमारतींमध्ये अशा यंत्रणा बसवण्याचे आणि सांभाळण्याचे काम मी २० वर्षांहून अधिक काळ करत आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

धोका आहे, पण तो किती आणि कशाचा हे सिलिंडरमध्ये काय भरले आहे यावर ठरते. म्हणून आधी ठेकेदाराच्या शब्दावर न थांबता सिलिंडरवरची पाटी स्वतः वाचावी. तिच्यावर गॅसचे नाव, भरलेल्या गॅसचे वजन, रिकाम्या सिलिंडरचे वजन आणि दाब लिहिलेला असतो. मुंबईतील बहुतेक कार्यालयांत एचएफसी-२२७ईए, म्हणजे बाजारात ज्याला एफएम-२०० म्हणतात तो वायू, किंवा अलीकडच्या यंत्रणांत नोव्हेक १२३० या नावाने ओळखले जाणारे द्रव्य आढळते. जुन्या इमारतींच्या तळघरांत, विजेच्या पॅनेल रूममध्ये, कार्बन डायऑक्साइडही भेटतो, आणि त्याची गोष्ट अगदी वेगळी आहे.

कार्बन डायऑक्साइड संपूर्ण खोली भरून आग विझवतो तेव्हा हवेत त्याचे प्रमाण किमान ३४ टक्के ठेवावे लागते. माणसाची शुद्ध हरपायला मात्र १० टक्क्यांच्या आसपासचे प्रमाण काही मिनिटांत पुरते, आणि १७ टक्क्यांच्या वर गेल्यास मिनिटभराच्या आत प्राण जाऊ शकतो. म्हणजे हा वायू आग विझवण्याच्या कितीतरी आधी माणसाला मारतो. तो हवेपेक्षा दीडपट जड असल्याने तळघरात आणि केबलच्या चरांत साचून राहतो. आपल्या पाटीवर हे नाव दिसले, तर यंत्रणा बंद केल्याची खात्री स्वतः करून घेतल्याशिवाय त्या खोलीत कोणालाही पाऊल टाकू देऊ नये.

हे फक्त मोठ्या यंत्रणेपुरते खरे नाही. भिंतीवर टांगलेला साडेचार किलोचा साधा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर घ्या. एक किलो वायू सुटल्यावर सुमारे अर्धा घनमीटर जागा व्यापतो. १० बाय १० फुटांच्या, ९ फूट उंचीच्या बंद यूपीएस रूममध्ये असा एक सिलिंडर पूर्ण मोकळा केला, तर आतल्या हवेत त्याचे प्रमाण ९ ते १० टक्क्यांवर जाते. आमच्या क्षेत्रातले अनुभवी लोकही हा हिशेब करत नाहीत याचे मला फार वाईट वाटते. दार उघडे ठेवून, दारात उभे राहून फवारावे आणि लगेच मागे फिरावे, एवढेच शिकवले तरी पुष्कळ.

आता एफएम-२००. हा वायू योग्य प्रमाणात सुटल्यास आतल्या माणसाला बाहेर पडायला वेळ मिळतो, हे ठेकेदाराचे म्हणणे त्या मर्यादेत खरे आहे. ९ टक्क्यांपर्यंत हृदयावर परिणाम दिसत नाही, १०.५ टक्क्यांपासून दिसू लागतो, आणि यंत्रणेची आखणी साधारणपणे ९ टक्क्यांच्या आत केली जाते. पण ही आखणी खोलीच्या आकारावर बेतलेली असते, आणि मुंबईत खोलीचा आकार कुठे टिकतो? जागा महाग, माणसे वाढतात, मग सर्व्हर रूममध्ये पार्टिशन टाकून एक केबिन काढली जाते आणि सिलिंडर तसाच राहतो. १०० घनमीटरच्या खोलीसाठी साडेसात टक्के धरून सुमारे ५९ किलो वायू लागतो. त्या खोलीचे ६० घनमीटरच उरले आणि तेवढाच वायू त्यात सुटला, तर प्रमाण १२ टक्क्यांच्या घरात जाते. याच्या उलट, भिंत पाडून खोली मोठी केली तर माणसाला धोका कमी होतो, पण आग विझत नाही. आपल्या सुतारकामात एखादे पार्टिशन हलणार असेल, तर काम सुरू होण्यापूर्वी हा हिशेब नव्याने करून घ्यावा, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

दुसरी गोष्ट ज्वाळेची. एफएम-२०० किंवा नोव्हेक प्रत्यक्ष आगीवर पडले की त्यांचा काही भाग फुटून हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो, आणि आग जितकी मोठी व जितका वेळ पेटलेली, तितका तो अधिक. त्याचे ३० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ३० भाग) एवढे प्रमाणही जिवाला तातडीचा धोका मानले जाते. म्हणून गॅस सुटल्यानंतर ‘आता विझली असेल, बघून येऊ’ म्हणत कोणीही आत जाऊ नये. दार बंद ठेवावे, १०१ ला कळवावे, आणि श्वसनसंच लावलेल्या जवानांनाच आत जाऊ द्यावे.

आता आपल्या मूळ काळजीकडे येतो. माझ्या पाहण्यातले बहुतेक अपघात आग लागल्यावर झालेले नाहीत, दुरुस्तीच्या आणि फर्निचरच्या दिवसांत झालेले आहेत. २०११ साली लोअर परळच्या एका कार्यालयात, जिथे यंत्रणा माझ्याच देखरेखीखाली होती, छतातल्या जिप्सम बोर्डाला ड्रिलने भोके पाडणे सुरू होते. या यंत्रणेत धुराचे दोन वेगळे झोन असतात. पहिल्या झोनने धूर ओळखला की हूटर वाजतो, दुसऱ्यानेही ओळखला की साधारण ३० सेकंदांची उलटी मोजणी सुरू होते आणि मग गॅस सुटतो. जिप्समची धूळ डिटेक्टरला धुरासारखीच वाटते. हूटर वाजला तेव्हा शिडीवरचा मुलगा तो दुसऱ्या मजल्यावरचा समजला, आणि त्याच्या जोडीदाराने दारापाशी जाऊन थांबवण्याचे बटण दाबले, पण कोणीतरी हाक मारली म्हणून हात काढला. ते बटण दाबून धरावे लागते. हात सुटला की मोजणी पुन्हा चालू होते. सुमारे १० सेकंदांत सगळा गॅस बाहेर आला. आवाज तोफेसारखा होता, खोली पांढऱ्या गार धुक्याने भरली, छताच्या टाइल्स उडून पडल्या आणि शिडी कलंडली. त्या मुलाचा घोटा मोडला. त्यापेक्षा जास्त काही झाले नाही, पण ‘काम सुरू करण्याआधी मला एक फोन करा’ असे मी त्यांना लेखी दिले नव्हते, ही चूक माझी होती आणि ती मी आजही विसरलेलो नाही.

म्हणून यंत्रणेच्या नियंत्रण पॅनेलवर नुसता ‘आयसोलेट’ (यंत्रणा तात्पुरती तोडण्याचा) स्विच फिरवणे मी पुरेसे मानत नाही. सिलिंडरच्या माथ्यावर, झडपेवर बसवलेला विजेवर चालणारा ॲक्च्युएटर असतो, बोलीभाषेत सगळे त्याला सोलेनॉइड म्हणतात. काम सुरू होण्यापूर्वी परवानाधारक एजन्सीच्या माणसाने तो झडपेवरून उतरवून बाजूला टांगावा आणि पॅनेलवर तारीख-वेळेसह पाटी लावावी. कोणी उतरवला, कोणी परत बसवायचा, हे वहीत लिहावे. तो खाली असेपर्यंत खोलीला संरक्षण नसते, म्हणून दारात हातातला सिलिंडर घेऊन एक माणूस बसवावा.

परत बसवण्याचा क्षण सर्वांत नाजूक. ॲक्च्युएटरच्या खालच्या तोंडात एक बारीक पिन असते. पॅनेलने मध्येच आज्ञा दिली असेल, तर ती बाहेर आलेली राहते, आणि त्याच स्थितीत तो झडपेवर आवळला की पिन झडप दाबते आणि गॅस सुटतो, तोही बसवणाऱ्याच्या अंगावर. म्हणून आधी पॅनेल रीसेट करायचे, पिन आत गेली आहे हे बोटाने चाचपून आणि टॉर्च मारून पाहायचे, आणि मगच तो बसवायचा. ठेकेदाराच्या माणसाला ही पिन दाखवायला सांगा. त्याने ती विनासायास दाखवली तर माणूस कामाचा आहे असे समजावे.

पाटीवर जे लिहिले आहे तेच आत आहे याची खात्री हा आणखी एक प्रश्न आहे. ८ नोव्हेंबर २००८ रोजी जपानच्या समुद्रात चाचणीवर असलेल्या रशियाच्या नेर्पा पाणबुडीत आग नसताना अग्निशमन यंत्रणा सुटली आणि २० जण गुदमरून मरण पावले. तिच्यात मूळ द्रव्याबरोबर टेट्राक्लोरोएथिलीन मिसळलेले आढळले. हीच पाणबुडी पुढे २०१२ मध्ये आयएनएस चक्र म्हणून आपल्या नौदलात आली. स्वस्त रिफिलिंग करून देतो म्हणणाऱ्याकडे सिलिंडर पाठवण्यापूर्वी ही घटना आठवावी, आणि भरलेल्या गॅसचे प्रमाणपत्र व सुरक्षा माहितीपत्रक लेखी मागावे.

कायद्याच्या बाजूने सांगायचे, तर महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार यंत्रणा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची आहे, आणि दरवर्षी जानेवारी व जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र, घेऊन तो अग्निशमन दलाला द्यावा लागतो. फॉर्म बी देणाऱ्याने सिलिंडर वजनकाट्यावर ठेवला होता का, हे जरूर विचारावे. कार्बन डायऑक्साइडच्या हातातल्या सिलिंडरला दाबाचा काटा नसतो. तो वजन करूनच कळतो, आणि १० टक्क्यांहून अधिक घट आली की पुन्हा भरावा लागतो. एबीसी पावडरचे, म्हणजे कोरडी रासायनिक पावडर फवारणारे, सिलिंडर पावसाळ्यात गठ्ठा धरतात, म्हणून ते उलटे करून आत पावडर सरकते का ते पाहावे. आणि ती पावडर सर्व्हरवर कधीही मारू नये, कारण दमट हवेत ती सर्किट खाते.

आता जुन्या हॅलॉनविषयी. हॅलॉन १३०१ ओझोनच्या थराला फार घातक आहे. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानुसार त्याचे उत्पादन विकसित देशांत १९९४ पासून आणि भारतासारख्या देशांत २०१० पासून थांबले, आणि आपल्याकडे त्यासाठी २००० साली ओझोन थर ऱ्हास करणाऱ्या पदार्थांचे नियम आले. तो हवेत सोडून सिलिंडर भंगारात विकण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो ऐकू नये. ज्यांना अजून हॅलॉनशिवाय पर्याय नाही, त्यांच्यासाठी हा साठा उपयोगाचा असतो. दिल्लीत संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेच्या अग्नि, स्फोटके व पर्यावरण सुरक्षा केंद्रात हॅलॉन बँक आहे. आपल्या परवानाधारक एजन्सीमार्फत तिथे लेखी चौकशी करावी. (एफएम-२०० चेही दिवस मोजके आहेत. भारताने २०२१ मध्ये मॉन्ट्रियल कराराच्या किगाली दुरुस्तीला मान्यता दिली असून २०३२ पासून अशा वायूंचा वापर टप्प्याटप्प्याने घटवायचा आहे. नवीन यंत्रणा घेताना हे ध्यानात ठेवावे.)

उत्तर येईपर्यंत तो सिलिंडर आडवा लोळत ठेवू नये. भिंतीला साखळीने बांधून उभा ठेवावा आणि झडपेच्या तोंडाला संरक्षक टोपी घट्ट बसवावी. दाबाखालचा सिलिंडर पडून झडप तुटली, तर तो बाणासारखा सुटून भिंत फोडतो. टोपी सापडत नसेल, तर हमालाकडून तो हलवण्याची घाई करू नये. एजन्सीचा माणूस टोपी घेऊन येईपर्यंत स्टोअरला कुलूप लावावे आणि किल्ली एकाच जबाबदार व्यक्तीकडे ठेवावी.