कॅमेऱ्याचा हप्ता राहू दे, आधी मामांच्या गुऱ्हाळावर जा

तुझं पत्र वाचलं, फोटोपण सगळे बघितले. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहेस, फोटोतून गोष्टी सांगायच्यात, त्यासाठी हप्त्यावर फुल फ्रेम कॅमेरा घ्यायचाय आणि बाबा म्हणतायत लग्नाच्या ऑर्डरी घे नाहीतर बँकेच्या परीक्षेला बस. कॅमेरा आत्ता घेऊ नकोस. जोतिबाच्या चैत्र यात्रेचे जे २० फोटो पाठवलेस त्यात रंग मस्त आलाय, पण खरं सांगू का, तो एकच फोटो २० वेळा आहे, गुलाल, सासनकाठ्या, गर्दी. काठी कुणाच्या खांद्यावर आहे, तो कुठनं चालत आलाय, काहीच कळत नाही.

पत्राच्या शेवटी सहज लिहिलंयस की मामांचं गुऱ्हाळ आहे. अरे तिथंच बस ना! हंगाम सुरू झाला की आठ-दहा दिवस मुक्कामालाच जा. पहिले दोन दिवस लोक पोज देतील, देऊ देत, नंतर तुला विसरतील आणि तिथनं तुझं काम सुरू. चुलवाणात, म्हणजे भट्टीत, उसाचं चिपाड सारणारा गडी, रस उकळतो त्या काहिलीवरची वाफ, आणि मुख्य म्हणजे गुळव्या, गूळ करणारा कारागीर, पाक पाण्यात टाकून बोटांनी गोळी होते का बघतो ना, ते. जरा उशीर झाला की सगळं आदण, म्हणजे काहिलीतला सगळा पाक, बिघडतं, म्हणून सगळे त्याच्या तोंडाकडं बघत असतात. बोटंपण घे, ती तोंडंपण घे. यूजीन स्मिथ या अमेरिकन फोटोग्राफरनं १९४८ साली ‘लाइफ’ मासिकासाठी अमेरिकेतल्या एका गावच्या डॉक्टरबरोबर २३ दिवस काढले होते, आपले फोटोग्राफर सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांबरोबर कितीतरी वर्षं काम केलं. एका दुपारीत हे होत नाही.

परत आलास की ४०-५० फोटोंच्या छोट्या प्रिंट काढून फरशीवर मांड आणि एकेक उचलून बघ. उचलल्यावर गोष्ट अडत नसेल तर तो कितीही देखणा असू दे, बाहेर. १२ उरले तरी भरपूर. प्रत्येकाखाली माणसाचं नाव आणि काय चाललंय ते लिही, त्यांना विचारून.

बाबांचंपण थोडं ऐक. लग्नाच्या ऑर्डरीत कमीपणा काही नाही, सीझनला कुणाबरोबर दुसऱ्या कॅमेऱ्यावर उभा राहिलास तर लेन्सचे पैसे सुटतील आणि गर्दीत चेहरे टिपायची सवय लागेल. बी.कॉम. मात्र पूर्ण कर. पुढं शिवाजी विद्यापीठात मास कम्युनिकेशन आहे, एनआयडीच्या, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या, गांधीनगर कॅम्पसला फोटोग्राफी डिझाइनचं एम.डेस. (पदव्युत्तर शिक्षण) आहे, त्याच्या अटी आत्ताच वाचून ठेव. तिथं मुलाखतीला गेलास तर हे १२ फोटो उपयोगी पडतील.

झाले की आधी त्या गुळव्याला दाखव, मग मला पाठव.